लिस्बन: वास्कोची कबर, गेंड्याचं डोकं आणि बाबांचं काशियाश

लिस्बनला जायचं ठरलं ते खरं सांगायचं तर स्वस्त विमान तिकिटांमुळे. आम्ही आइंडहोव्हनला राहतो, आई-बाबा सांगलीहून आले होते, मे महिन्यात लेकीच्या शाळेला सुट्टी, आणि पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे आई-बाबांचं मागच्या खेपेला टूरबरोबर उरकून झालेलं. त्यामुळे नवीन काहीतरी, उन्हाचं, आणि आईच्या भाषेत "गार वारं कानात जाणार नाही असं" हवं होतं. नवऱ्यानं लिस्बनचं नाव काढलं तसे बाबा खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, काशियाश तिथनं किती लांब?

आता काशियाश हे काही लिस्बनच्या टॉप टेन यादीत वगैरे नसतं. लिस्बनच्या पश्चिमेला लोकल ट्रेनवरचं एक साधं उपनगर आहे ते. पण बाबा सांगलीचे, आणि सांगलीच्या त्यांच्या पिढीला मोहन रानडे हे नाव घरातल्या माणसासारखं माहीत आहे. रानडे सांगलीचेच, मूळ आडनाव आपटे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना थेट पोर्तुगालला नेऊन काशियाशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी शिक्षा झाली ते होऊन सात वर्षं उलटून गेली तरी माणूस आतच. बाबा तेव्हा शाळेत होते, सुधीर फडक्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते त्यांच्या घरी रोज बोललं जायचं म्हणे, आणि तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपना भेटले तेव्हा त्यांनीही रानड्यांना सोडवा अशी विनंती केली होती, हे तर बाबा दर वेळी नव्यानं कळल्यासारखं सांगतात.

तर एका बाजूला लेकीला मत्स्यालय, आईला "फार चढ नको", नवऱ्याला कस्टर्डवाली ती टार्ट, आणि बाबांना तुरुंग. मी एक्सेल शीट करणारी बाई आहे, केली.

आधी कामाचं सांगते. सोमवारी जाऊ नका, बहुतेक म्युझियम आणि मॉनेस्ट्री बंद असतात. आणि लिस्बन म्हणजे नुसत्या टेकड्या. रस्ते आणि फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या छोट्या चौकोनी दगडांचे, काळे दगड घालून काढलेली नक्षी, दिसायला इतकं सुंदर की बघत राहावं, पण लोकांच्या पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं, त्यात उतार. आईची ती नेहमीची चपटी सँडल मी बॅगेतून बाहेर काढली आणि बूट घालायला लावले. त्यावरनं सकाळी सकाळी थोडी बोलाचाली झाली ती वेगळी. ट्रॅम, बस, मेट्रो आणि लोकल ट्रेनला एकच कार्ड चालतं, त्यात पैसे भरून ठेवायचे आणि टॅप करत सुटायचं, फक्त प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघं असं नाही. पिवळ्या २८ नंबरच्या ट्रॅमचा नाद आम्ही ठरवून सोडला. ती लाकडी ट्रॅम फोटोत छान दिसते पण त्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना तासभर उभं करून आत परत उभंच राहायचं आणि वर पाकीटमारांवर लक्ष ठेवायचं, कशाला? ती रस्त्यावरनं जाताना दिवसभर दिसतच असते.

सकाळी कैश दो सोद्रे स्टेशनवरनं लोकल घेतली. ही लाइन नदीच्या काठाकाठानं जाते, तेजो नदी, आणि नदी म्हणतात म्हणून नदी, नाहीतर तिथं ती खाडीच वाटते एवढी रुंद. डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. थोड्याच वेळात डोक्यावरनं तो लाल झुलता पूल जातो, सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलाचा भाऊ वाटेल असा. १९६६ मध्ये बांधला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. मग २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता उलथवली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली, आणि पुलाचं नाव झालं २५ एप्रिल पूल. आम्ही गेलो तेव्हा तो दिवस नुकताच होऊन गेला होता, दुकानांच्या काचांवर अजून कागदी लाल फुलं चिकटवलेली. बाबा म्हणाले, हे झालं म्हणून तर यांनी गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, तोवर कुठं मानत होते? खरंय. तो करार झाला १९७४ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी. तेरा वर्षं पोर्तुगालच्या सरकारी कागदावर गोवा त्यांचाच होता.

बेलेंला उतरलो. नदीकाठी ते दर्यावर्दींचं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं पुढं झुकलेलं, पन्नास मीटरच्या वर उंच, आणि दोन्ही बाजूंनी राजे, खलाशी, पाद्री, नकाशे काढणारे असे एकामागे एक चढत चाललेत. एकूण ३३ पुतळे, त्यात बाई एकच, राणी फिलिपा. आईनं लगेच पॉइंट काढला, "मग घरी कोण होतं, पोरंबाळं बघायला?" फोटो सगळे काढतात, पण गंमत अशी की हे काही पुरातन वगैरे नाही. आधी १९४० च्या एका प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभं केलं होतं, आणि पक्कं बांधलं १९६० मध्ये, सालाझारच्याच राज्यात. म्हणजे जगातल्या वसाहती एकेक करून मोकळ्या होत होत्या त्याच वेळेला हे लोक दगडात आपलं साम्राज्य कोरत बसले होते. तेव्हा रानड्यांना आत जाऊन पाच वर्षं झाली होती, हे बाबांचं गणित. ते दिवसभर असंच चालू होतं, कुठलंही साल दिसलं की रानडे तेव्हा कुठं होते.

स्मारकासमोर जमिनीवर संगमरवराचं भलंमोठं होकायंत्र आहे, मधोमध जगाचा नकाशा आणि पोर्तुगीज कुठं कधी पोचले त्याची सालं. लेकीनं पळत जाऊन भारत शोधला आणि १४९८ वर उभं राहून उड्या मारल्या. तिला शाळेत डच लोकांच्या जहाजांबद्दल शिकवतात, त्यामुळे भारतात जहाजानं कोणीतरी येतं एवढं तिला माहिती आहे.

इथनं आमच्या दोन पार्ट्या झाल्या. नवरा आणि आई जेरोनिमुश मॉनेस्ट्रीच्या रांगेकडे, आणि आम्ही तिघं बेलेंच्या टॉवरकडे, नदीच्या कडेनं पंधरा-वीस मिनिटं चालत. टॉवर १५१० च्या दशकातला, राजा मॅन्युएलनं बंदराच्या रक्षणासाठी बांधलेला. आत जायचं आमच्या मनात नव्हतंच, अरुंद गोल जिना आहे, बाबांनी आधीच हात वर केलेले. मला बाहेरनंच एक गोष्ट दाखवायची होती. पश्चिमेच्या बाजूला जाऊन कोपऱ्यातल्या छोट्या बुरुजाच्या खाली बघायचं, जिथं तो बुरुज भिंतीवर टेकतो तिथं. तिथं एक डोकं कोरलंय. आता पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं झिजून नुसता गोळा राहिलाय, शिंग असं वेगळं कळतच नाही, पण नीट बघितलं तर जबडा आणि कानाचा उंचवटा दिसतो. तो गेंडा आहे. आणि तो गेंडा आपल्याकडचा आहे!

झालं होतं असं की गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा, त्यानं पोर्तुगीजांचा गोव्यातला गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याला भेट म्हणून एक जिवंत गेंडा दिला. आल्बुकर्कला हवी होती दीवमध्ये किल्ल्यासाठी जागा, ती सुलतानानं दिली नाही, गेंडा दिला. (मला हे फार आवडतं. पाहुण्यांनी फ्लॅट मागावा आणि आपण म्हैस द्यावी.) आता गोव्यात गेंडा पाळून करणार काय, म्हणून आल्बुकर्कनं तो सरळ जहाजावर चढवला आणि राजाला पाठवून दिला. १५१५ च्या जानेवारीत निघालेला गेंडा मे महिन्यात लिस्बनला उतरला, इथंच, टॉवरचं बांधकाम चालू होतं तिथं. रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा बघितलाच नव्हता. सगळं शहर लोटलं. जर्मनीत बसलेल्या ड्यूरर नावाच्या चित्रकारानं त्याचं वर्णन आणि एक रेघोट्यांचं चित्र एवढ्यावरनं लाकडी ठसा कोरला, अंगावर चिलखत घातल्यासारखा, पाठीवर जास्तीचं एक छोटं शिंग, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातली माणसं गेंडा म्हणजे असाच असतो असं समजत होती.

लेकीचा पहिला प्रश्न, "मग त्याचं पुढे काय झालं?" पुढे राजानं तो पोपला भेट म्हणून पाठवला, आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. साखळीनं बांधलेला होता त्यामुळे पोहताही आलं नाही. हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्याला परत गुजरातला का नाही पाठवलं. बाबा म्हणाले, तेच तर.

परत येईपर्यंत नवरा-आई जेरोनिमुश मॉनेस्ट्रीच्या दाराशी पोचलेले. इथं दोन रांगा असतात हे लक्षात ठेवा, एक मठाच्या आतल्या अंगणाची, तिला तिकीट, आणि एक नुसत्या चर्चची. आम्हाला वेळ बघता चर्चच पुरे होतं. बांधायला सुरुवात १५०१ च्या सुमाराला आणि पूर्ण व्हायला जवळपास शंभर वर्षं. पैसा कुठला? पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवर जो कर लागायचा त्यातला. मिरी, दालचिनी, लवंगा. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्रातलं शेवाळ, पोवळी, खांब तर असे उंच जाऊन वर फांद्यांसारखे पसरलेत की आईनं मान वर केली ती खाली करेना. सुंदर आहे. आपल्या मिरीच्या पैशावर उभं आहे म्हणून कमी सुंदर वाटत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते, पण खांबाला हात लावताना ते डोक्यातनं जातही नाही.

आत शिरल्या शिरल्याच समोरासमोर दोन कबरी. एक कवी कामोइंशची आणि एक वास्को द गामाची. पांढऱ्या दगडाचा माणूस पाठीवर झोपलेला, लांब दाढी, छातीवर हात जोडलेले, बाजूच्या दगडावर जहाज कोरलेलं, शिडं फुगलेली, इतकं बारीक काम की शिडाचे दोरही दिसतात. लोक मोबाइल वर धरून गोल फिरत होते. आई जवळ गेली, पाटी बघितली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हा तो आपला स्टेशनवाला वास्को का गं?"

हसू नका. मिरजेहून गोव्याला जायचं म्हणजे वास्कोच्या गाडीनं जायचं, आईसाठी वास्को म्हणजे शेवटचं स्टेशन, जिथं हमाल बॅगा ओढतात आणि मासळीचा वास येतो. त्या नावाचा एक माणूस असतो आणि तो इथं दाढी घेऊन झोपलाय हे तिला खरोखर नवीन होतं. मी म्हटलं हो, तोच. तर म्हणे, "बरीच मोठी जागा दिलीय की."

बाबा मात्र तिथं फार थांबले नाहीत. शाळेत आपण सगळ्यांनीच एका ओळीत पाठ केलंय, १४९८, कालिकत, भारताचा जलमार्ग, पाच मार्क. पुढच्या खेपेला, १५०२ मध्ये, याच माणसानं मलबारच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं, ते आपल्या पुस्तकात नव्हतं, आणि इथल्या पाटीवर असायची अपेक्षाही नाही. १५२४ मध्ये तो कोचीनला गेला, म्हणजे मेलाच, आधी तिथंच पुरला, मग हाडं इकडे आणली, आणि या चर्चमध्ये तर १८८० मध्ये आणून ठेवलं. म्हणजे ही कबरही दिसते तेवढी जुनी नाही. लिस्बनमध्ये हे सारखं होतं, जे पाचशे वर्षांचं वाटतं ते शे-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेनं मांडलेलं निघतं.

खरं बघायचं असेल तर पुढं जा, वेदीजवळ. राजाराणीच्या शवपेट्या आहेत तिथं, आणि त्या पेट्या ज्यांच्या पाठीवर ठेवल्यात ते संगमरवरी हत्ती आहेत. आपले हत्ती. चर्चमध्ये! लेक आणि आई दोघींनी तिथंच जास्त वेळ काढला. एका हत्तीचे कान जरा विचित्रच वाटत होते, आईचं म्हणणं कोरणाऱ्यानं हत्ती कधी बघितला नसणार. मी म्हटलं आई, याच शहरात हत्ती होते गं. पुढची गोष्ट मी संध्याकाळसाठी राखून ठेवली.

मग ती कस्टर्ड टार्ट. मॉनेस्ट्रीपासून दोन मिनिटांवर पास्तेइश दे बेलेंचं दुकान आहे, १८३७ पासूनचं. सरकारनं मठ बंद केले तेव्हा मठातली पाककृती बाहेर आली आणि विकली गेली अशी कथा आहे, अजून म्हणे मोजक्या लोकांनाच माहीत. टिप: बाहेरची रांग बघून घाबरू नका, ती पार्सलची असते, आत निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा मिळते. गरम गरम येते, वरचा पापुद्रा काळपट भाजलेला, वरनं दालचिनी आणि पिठीसाखर आपल्या हातानं भुरभुरायची. कडा दाताखाली खळ्ळकन मोडते आणि आत जवळजवळ पातळ. नवऱ्यानं किती खाल्ल्या ते मी लिहीत नाही.

आई अंडं खात नाही. आणि यात अंड्याचा बलक हाच मुख्य माल. तिला मी सांगितलं की इथल्या नन्स कपड्यांना खळ करायला अंड्याचं पांढरं वापरायच्या आणि उरलेल्या बलकाचं काय करायचं म्हणून ही सगळी पिवळी मिठाई निघाली, असं म्हणतात. ती म्हणाली, "म्हणजे आधी कपड्याला अंडं लावलं, मग खाल्लं. छान." आणि कॉफी घेतली.

जेवण मात्र आईच्याच हातचं. तिनं रूमवर निघायच्या आधी पिशवी भरली होती, आदल्या दिवशी घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. राष्ट्रपतींच्या गुलाबी राजवाड्यासमोर बाग आहे, तिथं गवतावर बसलो. मधे उंच खांबावर पुतळा. लेकीनं विचारलं हा कोण, मी पाटी बघून आले, आफोन्सो द आल्बुकर्क. गेंडा पाठवणारा. १५१० मध्ये गोवा घेणारा. त्याच्या बरोबर पायाशी बसून आमचं शेंगदाण्याच्या चटणीचं जेवण चाललं होतं, बाबांनी दशमी हातात धरूनच वर बघितलं आणि म्हणाले, "घे रे, चटणी हवी का?" आम्ही सगळे असे हसलो की शेजारच्या बाकावरचा माणूसही उगाच हसला.

जेवून परत स्टेशनवर, आणि पुढची ट्रेन शहराकडे न घेता उलट्या दिशेनं काशियाश. आल्जेश, क्रूझ केब्रादा, मग काशियाश, दहा-बारा मिनिटं. ट्रेनमध्ये बाबांनी नातीला रानड्यांची गोष्ट सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "पण त्यांनी चोरलं काय होतं?" मुलांना जेल म्हणजे चोर एवढंच माहीत. बाबा म्हणाले, काही नाही, ज्यांनी घेतलं होतं त्यांच्याकडं परत मागितलं. हल्ल्यासाठी बंदूक होती का वगैरे पुढचे प्रश्न आले तेव्हा स्टेशन आलं, बरं झालं.

एक सांगून ठेवते, कोणाला जायचं असेल तर. मॅपवर काशियाशचा किल्ला असं शोधलं तर समुद्राकाठचा छोटासा गोंडस किल्ला येतो, साओ ब्रुनोचा, बुरुजाला टोपीसारखे कोपरे असलेला. तो नव्हे. तुरुंगाचा किल्ला आतल्या बाजूला, टेकडीवर, आणि तो आजही तुरुंगच आहे, साधे गुन्हेगार असतात. तिकीट काढून आत जायचा प्रश्नच नाही. हे बाबांना आधी सांगितलं होतं, तरी यायचंच होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर एक-दोन दिवसांत तिथले सगळे राजकीय कैदी बाहेर काढले, दारात बायकामुलं, पत्रकार, त्याचे फोटो पोर्तुगालमध्ये फार प्रसिद्ध आहेत. रानडे त्याच्या पाच वर्षं आधीच सुटलेले.

आम्ही काय केलं, तर काहीच नाही. स्टेशनमधनं बाहेर पडून बीचवर गेलो. लेकीनं पाण्यात पाय घातले आणि किंचाळली, अटलांटिकचं पाणी मे महिन्यात बर्फ असतं. आई भिंतीच्या सावलीत बसली. बाबा समुद्राकडं पाठ करून टेकडीच्या बाजूला बघत उभे राहिले, हात मागं बांधून, ते सांगलीत गणपतीच्या देवळाबाहेर कोणाची वाट बघताना उभे राहतात तसेच. थोड्या वेळानं म्हणाले, "समुद्राचा आवाज तिथवर जात असेल का?" कोणाला माहीत. मग म्हणाले त्यांना कित्येक वर्षं एकट्याला कोठडीत ठेवलं होतं, मराठी बोलायला माणूस नाही. मी काही बोलले नाही. मग चला म्हणाले, ट्रेन चुकेल.

परत लिस्बनला आल्यावर आईचे पाय संपले होते म्हणून टॅक्सी केली थेट से कॅथेड्रलपर्यंत. जुन्या गोव्यात पण से कॅथेड्रल आहे, आपण बघितलंय की, म्हणून आई आत गेली नाही, बाहेर बाकावर बसून २८ नंबरच्या ट्रॅम मोजत होती, लेक तिच्याबरोबर. कॅथेड्रलला लागूनच अल्जुब. सालाझारच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग होता १९६५ पर्यंत, आता २०१५ पासून म्युझियम आहे. पर्यटक बाहेर ट्रॅमचा फोटो काढतात आणि पुढं जातात, आत गर्दी नाही. लिस्बनमध्ये कोणी मला एकच म्युझियम सांग म्हटलं तर मी टाइल्सचं नाही सांगणार, हे सांगेन.

काशियाशमध्ये जे दिसलं नाही ते इथं दिसतं. एकांतकोठड्या आहेत, एक माणूस आडवा झाला की संपली, उभं राहून दोन्ही हात पसरता येत नाहीत. मी पसरून बघितले, कोपर भिंतीला लागलं. गुप्तपणे छापलेली वर्तमानपत्रं, झोपू न देण्याच्या छळाची माहिती, आफ्रिकेतल्या वसाहतींवर एक भाग. मला एक जे नवीन कळलं ते असं, की ज्या सरकारनं रानड्यांना आत टाकलं ते आपल्याच लोकांना अशाच कोठड्यांत टाकत होतं, तब्बल अठ्ठेचाळीस वर्षं. बेलेंमध्ये फिरताना "हे पोर्तुगीज" असं जे आपण सरसकट म्हणत असतो, ते इथं आल्यावर तेवढ्या सहज म्हणता येत नाही. बाबा प्रत्येक बोर्ड वाचत होते, इंग्रजी बारीक अक्षरात, चष्मा कपाळावर आणि नाक काचेला. बंद व्हायची वेळ झाली तेव्हाच निघाले. वरच्या मजल्यावर कॅफे आहे, तिथनं तेजो मस्त दिसते, पण आम्हाला वेळ नाही मिळाला.

तिथनं खाली उतार, दहा मिनिटांत प्रासा दो कोमेर्सियो. एवढा मोठा चौक, तीन बाजूंना पिवळ्या इमारती आणि चौथ्या बाजूला सरळ नदी. इथं राजवाडा होता, आणि शेजारी भारताशी व्यापाराचं ऑफिस, कासा दा इंडिया. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी पळाले तर त्सुनामी आली, आणि मेणबत्त्यांनी लागलेली आग पुढं कित्येक दिवस धुमसत होती. राजवाडा गेला, मसाल्यांचे हिशेब गेले, सगळं गेलं. नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्यानं हा भाग सरळ आडव्या-उभ्या रस्त्यांचा नव्यानं बांधला, घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा, आणि तो टिकतो का बघायला मॉडेलभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं. नवरा सिव्हिल इंजिनिअर, तो यावर एवढा खूश झाला की लेकीला पाय आपटायला लावून डेमो दिला.

आणि राखून ठेवलेली गोष्ट. याच भागात, राजवाड्याच्या आवारात, राजा मॅन्युएलनं गेंड्याची आणि हत्तीची झुंज लावली होती. जुन्या पुस्तकांत होतं की हे दोघं जन्माचे वैरी, ते खरं का बघायला. गर्दी जमली, गेंडा सोडला, तो शांतपणे दोन पावलं पुढं आला, आणि हत्ती भिंतीकडं वळून जो पळाला तो पळालाच. झुंज खल्लास. लेकीला एवढा आनंद, जणू सांगलीची कुस्ती आपल्याच पैलवानानं मारली. आईनं हत्तीची बाजू घेतली, "घाबरला असेल बिचारा, एवढी माणसं बघून."

जेवायला मार्तिम मोनिझच्या बाजूला गेलो, तिथं बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी सगळी दुकानं आहेत, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्यांचा वास रस्त्यावरच येतो. आम्हाला गोव्याचं जेवण हवं होतं, एका गल्लीत छोटं हॉटेल मिळालं. लिस्बनला गोव्याची माणसं खूप, इथला महापौर आणि मग २०२४ पर्यंत पंतप्रधान असलेला आंतोनियो कोस्ता, त्याच्या वडिलांचं घराणं मडगावचं. बाबांनी त्यावर वेटरशी गप्पा मारायचा प्रयत्न केला पण तो निघाला नेपाळी, मग दोघं हिंदीत पोखराच्या हवेवर बोलले. शाकुती आली, नवरा आणि बाबांनी घाम पुसत संपवली. आईसाठी वरण, भात, भेंडी. शेवटी लेकीच्या हट्टापायी बेबिंका मागवली, सोळा थर असलेली असं मेनूत लिहिलेलं, तिनं थर मोजले, आठच निघाले.

आईनं चमचा उचलला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "यात पण?" "हो आई, यात तर जास्तच." तिनं चमचा खाली ठेवला आणि बडीशेप मागितली, ती मात्र होती.

सिंत्रा दुसऱ्या दिवशी केलं आणि मत्स्यालय तिसऱ्या, त्याबद्दल वेगळं लिहीन. कोणी आई-बाबांना घेऊन लिस्बनला जाणार असेल तर बेलें सकाळी लवकर उरका, दुपारी बसायची जागा आधी हेरून ठेवा, आणि दशम्या न्या.